सव्वातीनचं पाणी

१२ जानेवारी

ताईंना नमस्कार.

तुम्ही माझा नंबर ब्लॉक केलात हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. पहिले दोन दिवस वाटलं, तुमच्याकडे रेंज नसेल. पत्र मात्र ब्लॉक करता येत नाही, फार तर फाडता येतं. आणि फाडायच्या आधी माणूस एक ओळ तरी वाचतोच. म्हणून मुद्द्याचं आधी लिहिते. आईंचं कानातलं यंत्र, चष्मा आणि निळी शाल माझ्याकडे नीट ठेवलेली आहे. कुरिअरनं पाठवू की तुम्ही याल?

बाकी माझं ठीक चाललंय. शाळा सुरू आहे. प्रयोगशाळेत नवीन कपाटं आली, चाव्यांचा जुडगा आणखी जड झाला. घरी एकटीचा स्वयंपाक अजून जमत नाही, दोघींचाच होतो.

एक किरकोळ गोष्ट. बाथरूमचा नळ बिघडलाय. खालचा, बादलीवरचा. मी सव्वापाचला घरी येते तेव्हा तो चालू असतो. धो धो नाही, करंगळीएवढी धार. सकाळी मी स्वतः घट्ट बंद करून जाते. मागच्या आठवड्यात तीनदा झालं. प्लंबरला बोलावलं. त्यानं आधी वॉशर बदलला, मग अख्खा नळच बदलला. जाताना म्हणाला, "बाई, आता हा नळ तुमच्या नातवंडांपर्यंत चालेल." मला नातवंडं कुठली, पण ऐकून बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा धार.

तो म्हणतो, पाण्याचा दाब. मी पंचवीस वर्षं प्रयोगशाळेत काढली आहेत. दाबानं नळाची चाकी फिरत नाही एवढं मला कळतं. पण त्याच्या तोंडी लागले नाही.

आईंचे दिवस उरकून जाताना दारात उभं राहून तुम्ही विचारलंत, "आईचे केस ओले का होते?" मी म्हटलं, अंग पुसलं म्हणून. तुम्ही बॅग उचललीत. ते उत्तर खरं आहे, ताई. अंग पुसलं होतं.

उत्तर पाठवा. शालीचं तरी सांगा.

तुमची वहिनी


३० जानेवारी

ताई,

उत्तर नाही. मीच पुन्हा लिहिते.

आपल्या खाली नवीन बिऱ्हाड आलंय. बाई बेकरीत पहाटेच्या पाळीला असतात, दुपारी घरी येऊन झोपतात. काल जिन्यात भेटल्या. मला वाटलं, पाणी गळतंय म्हणून भांडायला थांबल्यात. तर म्हणाल्या, "तुमच्याकडे दुपारी आजी असतात ना?"

मी वर आपल्या दाराकडे पाहिलं.

"तक्रार नाही हं," त्या घाईनं म्हणाल्या, "रोज सव्वातीनला पाणी सोडतात आणि हसतात. काय गोड हसतात! मला अर्धवट झोपेतही हसू येतं. माझी आजी अशीच होती."

मी म्हटलं, "हो, त्यांना पाणी फार आवडतं."

असं का म्हटलं कोण जाणे. वर आले आणि चपला न काढता तशीच खुर्चीवर बसून राहिले.

सव्वातीन. ही वेळ त्या बाईला कुणी सांगितली असेल? या इमारतीत कुणालाच ती ठाऊक नाही. तुम्हाला आणि मला आहे.

आईंना या घरात आणलं तो दिवस आठवतो? तुमच्या भावानं नुकताच हा फ्लॅट घेतला होता, तुम्ही सामान लावायला आला होतात. आई वरच्या वस्तीतून पहिल्यांदा खाली उतरल्या, सगळा जन्म डोक्यावर पाणी वाहून. झऱ्यापर्यंत उतार, भरून आलं की चढ, दिवसाच्या चार खेपा. तुम्ही पोटात होतात तेव्हा सातव्या महिन्यातही खेप चुकली नव्हती, हे तुम्हीच मला सांगितलं होतंत. डोक्याच्या मधोमध केस गेले होते त्यांचे, तिथली कातडी गुळगुळीत झाली होती. त्या बाथरूममध्ये गेल्या आणि बाहेरच येईनात. आपण दार वाजवलं तर आतून ओरडल्या, "अगं, हे थांबतच नाही!" आपल्याला वाटलं नळ नादुरुस्त आहे. दार ढकलून बघतो तर आई धारेखाली हात धरून हसतायत.

मग घरातल्या एकेका वस्तूला शाबासकी सुरू झाली. गीझरचा लाल दिवा विझला की "शाबास, तापलं." पंखा बंद करताना "दमला असशील." फ्रीजचं दार इतकं हळू लावायच्या की आत कुणी झोपलंय. तुमचा भाऊ होता तोवर चिडवायचा, "आई, मिक्सरलाही दोन घास भरव." मी सगळ्यांबरोबर हसायची. आता मात्र सकाळी गरम पाण्याचा पहिला मग खांद्यावर पडला की माझ्याच तोंडून "शाबास" निघतं. इतकी वर्षं त्याच पाण्यानं आंघोळ करत होते, कधी लक्षसुद्धा गेलं नव्हतं. बटण दाबलं की उजेड, काडी न ओढता गॅस, कुठंही न जाता पाणी. हे सगळं आपल्यासाठी कुणीतरी वाहून आणलंय असं त्यांना वाटायचं. खेपा करणाऱ्यालाच तसं वाटत असेल.

आणि थेंब वाया घालवायच्या नाहीत. दात घासताना नळ चालू ठेवला म्हणून पन्नाशीच्या तुम्ही पाठीत धपाटा खाल्लात, तो मी पाहिलाय. फक्त दुपारी सव्वातीनला, बाथरूमच्या खिडकीतून ऊन आत येतं तेव्हा, खाली बादली ठेवायच्या, करंगळीएवढी धार सोडायच्या आणि त्या निळ्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसून हात भिजवायच्या. "एवढी एक चैन," म्हणायच्या. बादली भरली की नळ बंद, आणि त्या पाण्यानं फरशी पुसायची.

मला भीती वाटत नाही. फक्त तुम्हाला कळवलं.

वहिनी


१७ फेब्रुवारी

ताई,

आधी घडलं ते लिहिते, माझं म्हणणं नंतर.

जिन्यातल्या डक्टमध्ये आपल्या घराचा मेन व्हॉल्व्ह आहे. दाराशेजारची लोखंडी झडप उघडली की लाल दांडा दिसतो. तो आडवा केला की घरात थेंब येत नाही. सोमवारी शाळेत जाताना मी पूर्वीसारखा तो बंद केला. म्हटलं, आता बघू.

सव्वापाचला आले. दांडा आडवाच. आत गेले. बाथरूममधली बादली काठोकाठ भरली होती. नळाच्या तोंडात बोट घातलं, कोरडं. टाइल्स कोरड्या. पाण्यात हात घातला तर ते गार नव्हतं. एखाद्यानं बराच वेळ हात बुडवून ठेवला तर होईल तेवढं कोमट होतं.

मंगळवारी तेच. बुधवारी मी बादली गॅलरीत नेऊन ठेवली. परत आले तर आईंचं निळं स्टूल नळाखाली. ते मी आई गेल्यावर ऑक्टोबरमध्येच माळ्यावर टाकलं होतं, वर दोन गाद्या रचून. गाद्या जिथल्या तिथं, घडीसुद्धा मोडली नव्हती. स्टुलावर काचेचा ग्लास, पाण्यानं भरलेला. मी ते पाणी मोजपात्रात ओतून पाहिलं. हाताला सवयच लागलीय. बरोबर दीडशे मिली.

वर "पूर्वीसारखा" असं लिहून गेले. खोडायला पेन टेकवलं होतं, पण राहू दे.

डॉक्टरांनी दिवसाला सातशे मिली सांगितलं ते तुम्हीही ऐकलंत, तुम्ही फोनवर होतात. सगळं धरून सातशे. चहा, सूप, गोळ्यांवरचं पाणी. मूत्रपिंड थकलंय, प्यायलेलं बाहेर पडणार नाही, फुप्फुसात साचेल. तुम्ही म्हणालात, "तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे." मी शाळेतून जुनं मोजपात्र आणलं. गोळ्यांसाठी दीडशे मिली ग्लासात ठेवून कामावर जायची.

त्या चोरून प्यायच्या, ताई. फुलदाणीतलं पाणी प्यायल्या. ओलं फडकं चोखलं. एकदा गरम नळाला तोंड लावून ओठ भाजून घेतला. पाय सुजून खांब झाले, श्वास लागला, दोनदा दवाखान्यात ठेवावं लागलं. जिनं जन्मभर घरादाराला पाणी पाजलं तिच्या हातातून मी पेला काढून घेत होते.

"पोरी, एक घोट."

"आई, तो उद्याच्या मापातला आहे."

"मग उद्याचा दे. उद्या मागणार नाही."

रोज हेच. मग सप्टेंबरच्या शेवटापासून मी बाहेर जाताना व्हॉल्व्ह बंद करायला लागले. तुम्हाला सांगितलं नाही. कुणालाच नाही. त्यांनाही नाही. त्यांना वाटायचं, पाणी गेलंय. "इथंही जातं का गं?" असं विचारायच्या. मी म्हणायची, "हो, कधीकधी."

आज एवढंच लिहवतंय.


४ मार्च

ताई,

मंगळवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. अडीचला घरी आले, मेन व्हॉल्व्ह बंद केला आणि बाथरूमच्या दारात ताठ बसून राहिले. खिडकीतून ऊन आलं. आधी साबणावर पडलं, मग सरकत सरकत नळावर.

सव्वातीनला चाकी फिरली.

झटक्यात नाही. जुन्या बोटांनी फिरवावी तशी, मध्ये एकदा थांबून. मग धार आली, करंगळीएवढी. बंद व्हॉल्व्हच्या अलीकडे पाणी कुठून येणार, पण आलं. थोडा वेळ सरळ बादलीत पडत राहिलं. मग नळापासून वीतभर खाली धार फुटली, तळहातावर फुटते तशी. थेंब चहूकडे उडाले, माझ्या गुडघ्यावर पडले. आणि बादलीत पडणं थांबलं. वरून पाणी येतंय आणि खाली काही पोहोचत नाही. कुणी ओंजळीनं पीत होतं.

खालच्या बाईंना ऐकू येणारं ते हसू मला ऐकू आलं नाही. भीतीपेक्षा मला तेच जास्त लागलं.

मी मोठ्यानं बोलायला लागले. तोंडाला कोरड पडली होती. म्हटलं, "आई, मी तुमच्या भल्यासाठीच केलं. डॉक्टरांनीच सांगितलं होतं." धार वाढली. मनगटाएवढी झाली, तरी खाली एक थेंब नाही. मी म्हटलं, "दोनदा दवाखान्यात नेलं तुम्हाला, रात्रंदिवस उशाशी बसले." धार आणखी मोठी झाली, पाइप भिंतीत थरथरायला लागला. तेव्हा मला कळलं की खरं असलं तरी यांना हे ऐकायचं नाहीये.

मग त्या दिवशीचं सांगितलं. तुम्हालाही सांगते. तुमचा हक्क आहे.

त्या सकाळी मी त्यांना पुन्हा फुलदाणीशी पकडलं. दोन दिवस मी झोपले नव्हते. मी ओरडले. "मरायचंय का तुम्हाला? मग माझ्यामागं कशाला लागलाय?" त्यांनी शालीत हात लपवले, लहान मूल लपवतं तसे. मी व्हॉल्व्ह बंद केला. आणि ते दीडशे मिली, ताई, ते मी ठेवलेच नाहीत. मोजलेले होते, ग्लासात होते. मी तो ग्लास त्यांच्या डोळ्यांदेखत मोरीत ओतला. म्हटलं, "फुलदाणीतलं प्यायलात ना, तुमचं आजचं झालं." आणि दार ओढून घेतलं.

दिवसभर शाळेत मी पोरांना द्रावणं मोजून देत होते.

सव्वापाचला आले. आधी डक्टमधला दांडा सरळ केला, रोजच्यासारखा. तो फिरवताच घरातून पाण्याचा आवाज आला. मला बरं वाटलं, की बसल्यात हात भिजवत. कुलूप काढता काढता मी दारातूनच म्हटलं, "आई, किती वेळ पाण्याखाली हात धरणार?"

त्या स्टुलावर बसल्या होत्या. डोकं टाइल्सना टेकलेलं, नळ पूर्ण उघडा, हात त्याच्याखाली पसरलेला. तो त्यांनी कोरड्या नळाखाली धरला होता, आणि पाणी मी आता सोडलं होतं. हातावरून उडून केसांवर, खांद्यावर पडत होतं. डॉक्टर म्हणाले, तीन-साडेतीनला हृदय थांबलं, पाणी प्यायल्या असत्या तरी चुकलं नसतं. मी त्यांना उचललं, अंग पुसलं, कपडे बदलले, पलंगावर निजवलं. आणि तुम्हाला फोन केला की झोपेतच गेल्या.

हे सगळं मी नळाला सांगितलं. ग्लासाचं सांगितलं तेव्हा धार बारीक होत होत करंगळीएवढी झाली. बराच वेळ तशीच राहिली. मग चाकी उलटी फिरली, सावकाश, आणि शेवटी थेंब गळू नये म्हणून जरा जोर दिल्यासारखी. तसा जोर त्याच द्यायच्या.

आता तुम्हाला जे करायचं ते करा. पोलिसांत जा, लोकांना सांगा. मी नाही म्हणणार नाही.


२६ मार्च

ताई,

तुमचं पत्र काल आलं.

त्याआधी इथलं सांगते. त्या मंगळवारनंतर नळ एकदाही आपोआप सुरू झाला नाही. मी व्हॉल्व्ह बंद करत नाही, स्टूल नळाखालीच ठेवलंय, रोज त्यावर भरलेला ग्लास ठेवून जाते. संध्याकाळी तो तसाच असतो. मला वाटलं होतं, सुटल्यासारखं होईल. तसं काही झालं नाही. घर नुसतं बंद पेटीसारखं झालंय. परवा खालच्या बाई भेटल्या. म्हणाल्या, "आजी दिसत नाहीत, म्हणजे ऐकू येत नाहीत हो बऱ्याच दिवसांत. कुठं गावाला गेल्यात का?"

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "हो, मुलीकडे गेल्यात."

आणि काल तुमचं पत्र. दोन महिने वाट पाहिली, आलं तर चार ओळींचं. नमस्कार नाही, शिवी नाही. "पाणी कसं थांबलं ते कळव. इथं सोमवारपासून सुरू झालंय. यांना ऐकू येत नाही, मला येतं. आमच्या नळाला चाकी नाही, सेन्सर आहे, हात धरल्याशिवाय पाणी येत नाही."

मी ते जिन्यातच वाचलं आणि वर येऊन आधी कपाट उघडलं.

ताई, आईंचा तो मोठ्या आकड्यांचा फोन माझ्या कपाटात आहे. त्या दिवशी त्यांनी तुम्हाला तीन वेळा फोन केला होता. पावणेतीनला, तीनला पाच कमी असताना आणि तीन वाजून नऊ मिनिटांनी. पहिले दोन तुम्ही घेतले नाहीत. तिसरा घेतलात. एक मिनिट दहा सेकंद. आणि तुम्ही इथं आलात तेव्हा सगळ्यांदेखत म्हणालात, आठवडाभर आईशी बोलणंच झालं नव्हतं.

मी तो फोन तुम्हाला दाखवला नाही. दाखवला असता तर त्या का फोन करत होत्या याचा शोध लागला असता, आणि मग माझं व्हॉल्व्हचं बाहेर आलं असतं. तुम्हीही तो मागितला नाहीत. चष्मा मागितलात, शाल मागितलीत, फोन नाही मागितलात. आपण दोघींनी एकमेकींना झाकलं आणि त्यालाच भांडण म्हटलं.

त्या मिनिटभरात त्या काय म्हणाल्या आणि तुम्ही काय म्हणालात, ते मला लिहू नका. मी विचारत नाही, आणि तुम्हाला बोल लावायची माझी लायकी नाही. मी माझं सांगितलं म्हणून तुमचं कळलंच पाहिजे असंही नाही. ते माझ्यासाठी नाहीच.

पण प्लंबरला बोलावू नका. तो सेन्सर बदलेल, नळ बदलेल, आणि दुसऱ्या दिवशी तेच. घराचं पाणीही तोडू नका, मी केलंय ते, त्यानं थांबत नाही. पाहुण्यांच्या खोलीत झोपू नका, आवाज तिथंही येईल.

सव्वातीनला घरच्यांना बाहेर पाठवा. बाथरूमचं दार उघडं ठेवा आणि खाली बसा, उभं राहून बोलू नका. पहिल्यापासून सांगा. कामात होते, मीटिंग होती, ऐकू नीट येत नव्हतं, असलं काही आधी काढू नका; धार वाढते. सरळ तो शब्द सांगा जो तुम्ही बोललात. तो तुम्हाला पाठ असणार.

आणि सांगून झालं की लगेच उठू नका. तुमच्या नळाला बंद करायला चाकी नाही, हात त्यांनी आपणहून काढायला हवा. बसून राहा. त्यांचं पिऊन होऊ दे.

वहिनी